एक बाजार खाल्लेला रस्ता

आईचा शेवटचा साधा दिवस मंगळवार होता. मंगळवारी वांगरीचा आठवडी बाजार असतो, आणि वांगरी ते धायटी रस्त्यावर त्या दिवशी आमचं काम मुद्दाम बंद होतं.

खडीचा थर अंथरून, पाणी मारून, दाबून झाला होता. डांबर पडायचं बाकी होतं. अशा वेळी कोणीही कंत्राटदार रस्त्याच्या दोन्ही टोकांना पिंपं लावून वाट बंद करतो. आई लावलेली पिंपं काढायला सांगायची. ‘‘एक बाजार खाऊ दे रस्त्याला,’’ म्हणायची, आणि अख्खा बाजार त्या उघड्या खडीवरून जाऊ द्यायची. माल भरलेले टेम्पो, रिकामे टेम्पो, मोटरसायकली, बैलगाड्या, शेळ्यामेंढ्यांचे कळप, डोक्यावर पाट्या घेतलेल्या बायका.

‘‘रोलर खडीला दाबतो,’’ ती मला एकदा म्हणाली होती. ‘‘बाजार खडीला बसवतो. दाबल्यालं माणूस उठतं. बसल्यालं उठत न्हाई.’’

मी वांगरीच्या कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते. त्या दिवशी सुट्टी होती, म्हणून डबा घेऊन गेले होते. आई रस्त्याकडेला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. लुगड्यावर माझ्या वडिलांचा पूर्ण बाह्यांचा सदरा, डोक्याला टॉवेल. लोक टीव्ही बघतात तशी ती रस्ता बघत होती. एक ओळखीचा माणूस मोटरसायकलवर पुढे बोकड आडवा धरून आला आणि तिच्यासमोर थांबला.

‘‘काय यल्लूताई, डांबर संपलं वाटतं सरकारचं?’’

‘‘तुझ्या बोकडाची वाट बघत हुते. त्याचं वजन पडल्याबिगर रस्ता पक्का हुतोय व्हय?’’

‘‘मग परत येताना काय करू? बोकड तर विकून येणार.’’

‘‘त्या वक्ताला बायकोला घिऊन ये.’’

आमचे रोलरचालक दस्तगीरचाचा बंद रोलरच्या सावलीत पडल्या पडल्या हसले. टोळीची मुकादमीण मुक्ताक्का भजी घेऊन आली. तेवढ्यात सबनिसांचा फोन आला. ते शतपथ बिल्डकॉनचे जिल्ह्याचे व्यवस्थापक. रस्त्याच्या तोंडाशी जो निळा फलक होता, त्यावर नाव त्यांच्या कंपनीचं होतं. आईने फोन कानापासून लांब धरला, भजं संपवलं आणि शांतपणे म्हणाली, ‘‘उद्या डांबर पडंल, सायेब. आज रस्ता जेवतोय.’’

दुसऱ्या दिवशी डांबर पडायला लागलं. दुपारी ती बाभळीखाली जरा टेकली, ती उठली नाही. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. मला कॉलेजात निरोप आला तेव्हा मी नद्यांची वळणं शिकवत होते.

तिथे जे झालं ते मला नंतर कळलं. दस्तगीरचाचांनी रोलर थांबवला. सगळी टोळी तिच्याभोवती उभी राहिली. मग मुक्ताक्का म्हणाली, ‘‘डांबर गार पडाय लागलंय. बाईला चाललं नसतं.’’ त्यांनी गाडीतलं डांबर अंथरून, दाबून संपवलं, आणि मग आमच्या घरी आले. त्यांच्या पायांना अजून डांबर होतं.

आम्ही वडार. आजोबांनी दगड फोडला, वडिलांनी खडी वाहिली, वडील गेल्यावर आईने रोलर घेतला. जिल्ह्यात असा भाग कमी सापडेल की जिथे तिने रस्ता केला नाही, आणि असा कागद एकही सापडणार नाही की ज्यावर तिचं नाव आहे. कारण ती पेटीवर काम करायची. मोठ्या कंपनीने सरकारी टेंडर घ्यायचं आणि काम आतल्या आत आमच्यासारख्यांना द्यायचं, याला आमच्याकडे पेटी म्हणतात. कायद्यात पेटी बसत नाही, आणि पेटीशिवाय जिल्ह्यात रस्ता होत नाही. लहान फर्मला सरळ टेंडर भरता येत नाही, कारण टेंडर भरायला पूर्वी केलेली मोठी कामं दाखवावी लागतात, आणि मोठी कामं दाखवायला टेंडर मिळालेलं असावं लागतं. त्यामुळे पेटीचा एकच नियम होता: काम कोणाचं, हे बोलायचं नाही. फलक कंपनीचा, नारळ कंपनीचा, फोटो कंपनीचा. आईबरोबर मी कितीदा तरी तिच्याच रस्त्यांवरून एसटीने गेले आहे. शेजारचं कोणी ‘‘हा रस्ता बरा केलाय, कुणी केला हो?’’ असं विचारलं की ती खिडकीबाहेर बघायची. मीही बघायचे.

ती गेली आणि तिची फर्म तिच्याबरोबर गेली. एका माणसाच्या नावावरची नोंदणी त्या माणसाबरोबर संपते. दिवसकार्य झाल्यावर दस्तगीरचाचा आले आणि बराच वेळ पाणी पीत बसले.

‘‘बेटा, रोलरला गंज चढतोय,’’ ते म्हणाले.

‘‘तेल देऊन ठेवा, चाचा.’’

‘‘त्याला देतो. मला काय देऊ?’’

म्हणून मी माझ्या नावावर नवी फर्म काढली. फर्मचं नाव काय ठेवायचं यावर आमच्या अंगणात सभा झाली. मुक्ताक्काचं म्हणणं होतं, ‘विटकर आणि पोरगी’. मी म्हटलं, पोरगी मीच आहे, मग विटकर कोण? ती म्हणाली, ‘‘ते समद्यांना म्हाईत हाय.’’ शेवटी नुसतं ‘विटकर रस्ते’ ठरलं. नोंदणी झाली आणि आमच्या नावापुढे एक शून्य उमटलं.

ते शून्य कुठून आलं, हे सांगायला हवं.

गावोगावी इंटरनेटची काचेची तार कधीच पोचली होती. ती बहुतेक सगळीकडे रस्त्याच्या कडेनेच पुरलेली आहे. तारेत केसाएवढ्या काचेच्या तंतूंचा जुडगा असतो आणि त्यातले बरेच तंतू वापराविना पडून असतात. अशा एका रिकाम्या तंतूत एका टोकाने लेझरचा क्षणभराचा झोत सोडला, तर काचेतल्या सूक्ष्म खोटींवर आपटून त्यातला किंचित प्रकाश माघारी येतो. वरून गाडी गेली, की जमीन हलते. जमीन हलली, की काच नुसत्या डोळ्याला कधीच दिसणार नाही इतकी ताणली जाते. मग माघारी येणारा प्रकाश जरा वेगळा येतो. किती वेळाने आला यावरून कुठली जागा हलली ते कळतं, आणि किती बदलला यावरून किती हलली ते. म्हणजे पुरलेल्या तारेचा प्रत्येक तुकडा एक कान होतो. रस्ता उकरायला नको, यंत्र बसवायला नको. सगळ्या जिल्ह्याच्या रस्त्यांना कान होतेच, ते ऐकायला फक्त कोणी बसलं नव्हतं.

आणि रस्ता ऐकायचा कशाने? त्याच्यावरून जाणाऱ्या गाड्यांनी. डॉक्टर पाठीवर बोटाने ठोकून छाती तपासतात तसं. चाकाचा हादरा घट्ट थरातून झपकन जातो, पोकळ थरातून रेंगाळत. लाखो चाकांचे हादरे जमले, की संगणक वरचं डांबर, खालची खडी, त्याखालचा मुरूम असा एकेक थर वेगळा वाचू शकतो.

सरकारने यावर नवं धोरण आणलं. मला ते धोरण आवडलं, आणि आजही आवडतं. यापुढे काम सर्वांत कमी दर भरणाऱ्याला नाही, ज्याचे आधीचे रस्ते चांगले टिकलेत त्याला. प्रत्येक रस्त्याला त्याच्या आवाजावरून गुणांक, आणि त्या गुणांकांवरून कंत्राटदाराचा गुणांक. बॅटरीवरच्या नव्या लहान बसगाड्याही आधी चांगल्या गुणांकाच्या रस्त्यांवर सोडायच्या, कारण सपाट रस्त्यावर बॅटरी पुरते आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर अर्ध्या वाटेत बसते. सगळं न्यायाचं होतं. फक्त रस्ता कोणाचा, हे कागदावरून ठरणार होतं. म्हणून शतपथचा गुणांक जिल्ह्यात पहिला, आणि ‘विटकर रस्ते’चा शून्य.

पुढचं मात्र कोणीच योजलेलं नव्हतं. रस्त्यांचे आवाज एकमेकांशी ताडून बघताना संगणकाला आढळलं, की रस्ते गटागटाने सारखे बोलतात. कंत्राटदार वेगळा, वर्ष वेगळं, तरी खालचा थर रचायची रीत एक. रोलर कुठे वळवला, एका पट्ट्यावर दुसरा पट्टा किती चढवला, चर आधी खणला की नंतर, हे सगळं दगडात राहून जातं. अक्षरावरून माणूस ओळखावा तसं. शास्त्रज्ञांनी या गटांना ‘हात’ म्हटलं आणि क, ख, ग अशी अक्षरं दिली. गट बरेच निघाले, अक्षरं संपत आली. शेवटी ओळखू आलेल्या गटाला ळ मिळालं. तो हात सापडायला वेळ लागला, कारण त्याचे रस्ते कुठल्याही एका कंपनीकडे नव्हते. जिल्ह्यातले सगळ्यांत चांगले रस्ते हात ळ चे होते.

संकेतस्थळावर नकाशा आला. हात ळ चे रस्ते हिरवे. मी तो कॉलेजच्या स्टाफरूममध्ये उघडला. वांगरी–धायटी हिरवा. माळशेतचा रस्ता हिरवा, तिथे मी सहावीत असताना आईबरोबर तंबूत राहिले होते. घाटाखालचा हिरवा. जिल्ह्याच्या पार उत्तरेला, मला माहीतही नसलेले, बारीक बारीक हिरवे. मी इंग्रजीच्या मॅडमना म्हटलं, ‘‘जरा डोळ्यात काहीतरी गेलं,’’ आणि बाहेर जाऊन पाणी प्यायले.

वांगरीत दुसरा विषयच उरला नाही. ळ ने एकही शब्द सुरू होत नाही, त्यामुळे हा माणूस इथला नसणार, असा एका निवृत्त शिक्षकांचा सिद्धांत होता. स्टँडसमोरच्या चहावाल्याने पाटी लावली, ‘हात ळ यांना चहा मोफत’, आणि त्या आठवड्यात त्याच्याकडे बरेच हात ळ चहा पिऊन गेले. दस्तगीरचाचाही गेले. त्यांनी मात्र पैसे देऊन प्यायला. ‘‘फुकट पिऊन खोटा ठरण्यापेक्षा बरं,’’ म्हणाले.

आणि बस आली. धायटीला कधीच बस नव्हती. पहिल्या दिवशी मी मुद्दाम गेले. निळसर, बिनआवाजी, लहानशी बस. गावच्या बायकांनी तिला हळदकुंकू लावलं, चालकालाही लावलं. माझ्या शेजारी एक म्हातारी बसली होती, मांडीवर कोंबडीची पाटी. स्टँड सुटून थोडं अंतर गेलं आणि ती झोपली. मान माझ्या खांद्यावर, तोंड उघडं. कोंबडीही झोपली. संपूर्ण रस्ताभर दोघी जाग्या झाल्या नाहीत. मी खूप वाचते, कौतुकाचे शब्द मला बरेच येतात. पण रस्त्याचं याहून मोठं कौतुक मला वाचलेलं आठवेना.

शतपथने दावा केला, की हात ळ म्हणजे त्यांचीच एक खास तुकडी. चौकात फलक लागला, त्यावर सबनीस हात जोडून उभे. रस्त्यांना गुणांक देणाऱ्या सरकारी आयोगाने म्हटलं, उत्तम, मग एक नवा तुकडा करून दाखवा. सबनीस हुशार माणूस. आईची रीत त्यांना फोनवरून का होईना, माहीत होती. त्यांनी शेजारच्या गावी खडी दाबून घेतली आणि बाजाराच्या दिवशी रस्ता उघडला. पण त्यांचा स्वभाव व्यवस्थेचा. त्यांनी दोन्हीकडे शिट्ट्या घेतलेली माणसं उभी केली. येणारे डावीकडून, जाणारे उजवीकडून, अवजड वाहनं आधी, हलकी नंतर. जनावरांमुळे खडी घाण होते म्हणून कळप शेतातून वळवले. संध्याकाळपर्यंत रस्ता एकदम स्वच्छ होता. यंत्राने निकाल दिला: हात ळ नाही, नवा हात.

‘‘बाजाराला शिस्त लावली?’’ मुक्ताक्का म्हणाली. ‘‘मग त्यो बाजार कसला, ती कवायत.’’

त्यावर आयोगाची जाहीर नोटीस निघाली. हात ळ ज्यांचा असेल त्यांनी सुनावणीत समक्ष दावा करावा. दावा सिद्ध झाला, तर ते सगळे रस्ते त्यांच्या नावावर लागतील. कोणी पुढे आलं नाही, तर रस्ते कागदावर ज्यांचे आहेत त्यांचेच कायम राहतील. आणि खाली एक कलम होतं. पेटीवर काम दिल्याचं सिद्ध झालं तर कंपनीला दंड. पेटीवर काम घेतल्याचं ज्याने कबूल केलं, त्याला एक वर्ष कुठलंही सरकारी काम मिळणार नाही.

सबनीस दुसऱ्याच दिवशी घरी आले. आईच्या फोटोला हार घातला, खरोखर डोळे पुसले, आणि चहा घेताना म्हणाले, ‘‘रेवतीताई, बाईंसारखं माणूस मी पाहिलं नाही. त्या होत्या म्हणून आमची कंपनी या जिल्ह्यात उभी राहिली.’’

‘‘हे तुम्ही सुनावणीत सांगाल?’’

ते हसले. ‘‘टोमणा आईवर गेलाय. ऐका. घाटरस्त्याचं मोठं काम आमच्याकडे येतंय. ते सगळं तुमच्या टोळीला. त्यानंतरचंही. टोळीला एक दिवस रिकामं बसावं लागणार नाही. तुम्हाला फक्त काही करायचं नाही. दावा केलात, तर वर्षभर तुमचा रोलर जागचा हलणार नाही. ती माणसं काय खातील, याचा विचार करा. बाईंनी तो आधी केला असता.’’

‘‘केला असता,’’ मी म्हटलं.

‘‘बाईंनी कधी नाव मागितलं नाही.’’

‘‘मागायची सोय होती का?’’

सबनिसांनी कप खाली ठेवला. ते वाईट माणूस नव्हते, आणि त्यांचं म्हणणं खोटंही नव्हतं. मला खरोखर ठरवता येईना. नाव माझ्या आईचं होतं, वर्ष टोळीचं जाणार होतं. म्हणून मी ते टोळीपुढेच ठेवायचं ठरवलं.

दावा करू इच्छिणाऱ्याला कुठल्याही रस्त्याचा कुठल्याही दिवसाचा आवाज मागवता येतो, असं नोटिशीत होतं. आमच्या तालुक्यात तारेवरून ऐकण्याची चाचणी धोरण यायच्या आधीपासून चालू होती, हे मला तेव्हा कळलं. मी वांगरी–धायटी रस्त्याचा आवाज मागवला, त्या मंगळवारचा आणि बुधवारचा. जमिनीचे हादरे कानाला ऐकू येतील एवढे उंच करून त्यांनी पाठवले.

रविवारी सकाळी टोळी अंगणात जमली. मी कॉलेजचा मोठा स्पीकर आणला होता. आधी मंगळवार लावला. खुसखुस, खरखर, धडधड. थोडा वेळ सगळे नुसते ऐकत राहिले. मग दस्तगीरचाचांनी हात वर केला.

‘‘हा टेम्पो. मागचं डावं चाक हलतंय. नारायणचा.’’

‘‘ह्या मेंढ्या,’’ मुक्ताक्का म्हणाली. पाऊस पत्र्यावर पडावा तशा मेंढ्या गेल्या.

मग खेळच सुरू झाला. ही बैलगाडी, हा एक बैल लंगडतोय. ही नवीन फटफटी. ह्या बायका, बघ कशा थांबत थांबत चालल्यात, गप्पा संपंनात. एक मोटरसायकल आली, थांबली, बराच वेळ थांबली आणि गेली. ‘‘बोकडवाला,’’ सगळे एकदम म्हणाले आणि हसू आवरेना. थोड्या वेळाने तीच मोटरसायकल उलट दिशेने आली, जराशी जड. मुक्ताक्काने कान टवकारले. ‘‘आणली की गं बायकोला.’’ दस्तगीरचाचा हसता हसता खोकायला लागले, त्यांना पाणी द्यावं लागलं. आई गेल्यापासून आमच्या घरात एवढा आवाज झाला नव्हता. कुंपणावरून शेजारी डोकावले. त्यांनाही आत बोलावलं.

मग मी बुधवार लावला. लावू नये असं वाटत होतं, पण त्यांच्यापासून लपवायचं नव्हतं. रोलरची घरघर सुरू झाली, एकसारखी, पुढे जाई, मागे येई. दुपार झाली, आणि घरघर थांबली. अनेक पावलं एका ठिकाणी धावत गेली. त्यानंतर काहीच नाही. रस्ता एवढा शांत होता की लांबच्या कुठल्या तरी गाडीचा हादरा आला आणि गेला तोही कळला.

मग रोलर पुन्हा सुरू झाला.

दस्तगीरचाचांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. ‘‘बेटा, त्या दिवशी आम्ही थांबलो असतो, तर तेवढा तुकडा उखडला असता,’’ ते म्हणाले. ‘‘नकाशात कसा आहे?’’

‘‘हिरवा आहे, चाचा.’’

‘‘सगळा?’’

‘‘सगळा.’’

ते मान डोलवत राहिले. मग मी सबनिसांचं म्हणणं सांगितलं, कलम सांगितलं, वर्ष सांगितलं. काही सोडलं नाही. मुक्ताक्काने तोंडातला पानाचा तोबरा एका गालातून दुसऱ्या गालात नेला.

‘‘सरकारी काम न्हाई म्हंजी सरकारीच न्हाई ना?’’ तिने विचारलं. ‘‘साखर कारखान्याचं आवार उखडलंय. त्यांचा मॅनेजर मागल्या महिन्यातच इचारत हुता.’’

‘‘देशमुखांचं मंगल कार्यालय,’’ मागून कोणीतरी म्हणालं. ‘‘गाड्या लावायच्या जागी चिखल. गेल्या लग्नात नवरदेव चपलेबिगर बोहल्यावर चढला.’’

‘‘शेताकडच्या वाटा तर पंचक्रोशीत पडल्यात. ल्वॉक वर्गणी काढून करून घेतील की.’’

‘‘आन् काम नसलंच कधी,’’ मुक्ताक्का म्हणाली, ‘‘तर हितं यिऊन बसू. रेवतीबाय भूगोल शिकवंल.’’

‘‘त्यापेक्षा खडी फोडू,’’ दस्तगीरचाचा म्हणाले.

अशा रीतीने ठरलं. हात वर करून वगैरे नाही. मुक्ताक्का चहा ठेवायला आत गेली, आणि परत येताना दारातून म्हणाली, ‘‘बोलायला मातर तुलाच लागंल. आमाला बोलायची सवं न्हाई.’’

मलाही नव्हती, हे मी तिला सांगितलं नाही.

सुनावणी जिल्हा परिषदेच्या सभागृहात होती. जिल्ह्यातले बहुतेक लहान कंत्राटदार आले होते आणि सगळे भिंतीकडेच्या खुर्च्यांवर, दरवाजाजवळ बसले होते. पेटीवाल्यांची ही सवय मी लहानपणापासून पाहत आले आहे. आमची टोळी धुतलेल्या कपड्यांत एका रांगेत बसली. दस्तगीरचाचांनी अत्तर लावलं होतं, त्यामुळे त्यांच्या पुढच्या रांगेतला माणूस सारखा मागे वळून बघत होता. सबनीस पहिल्या रांगेत होते. मला बघून त्यांनी अर्धं उठून नमस्कार केला.

समोरच्या मोठ्या पडद्यावर जिल्ह्याचा नकाशा होता, त्यावर ते हिरवे रस्ते. अध्यक्षा राजोपाध्येबाई निवृत्त अभियंता होत्या. चष्मा नाकावर, आवाज कोरडा. त्यांनी नोटीस वाचली, कलम दोनदा वाचलं आणि विचारलं, ‘‘हात ळ. कोणाचा दावा?’’

सभागृहात खोकले आले. त्या माणसांतल्या कित्येकांना उत्तर माहीत होतं, आणि त्यांच्यातले बरेचजण स्वतः कुठलं ना कुठलं अक्षर होते.

मी उठले. मधल्या वाटेने पुढे गेले आणि ध्वनिक्षेपकासमोर उभी राहिले. त्याची उंची मला जास्त होती. शिपायाने येऊन तो खाली केला.

‘‘नाव?’’

‘‘रेवती विटकर. विटकर रस्ते.’’

त्यांनी कागद चाळला. ‘‘विटकर रस्ते. तुमचा गुणांक शून्य आहे. तुमच्या फर्मची नोंदणी यातल्या सगळ्या रस्त्यांच्या नंतरची आहे.’’

‘‘हो.’’

‘‘पुरावा?’’

‘‘माझी टोळी मागे बसली आहे. कुठलाही रस्ता सांगा, कुठलंही बाजाराचं गाव सांगा. ते तुकडा करून देतील. यंत्राने ऐकावं.’’

राजोपाध्येबाईंनी चष्म्यावरून मागे बघितलं. टोळी उठून उभी राहिली. कोणी सांगितलं नव्हतं. मुक्ताक्काने पदर खांद्यावरून घेतला.

‘‘करून घेऊ,’’ बाई म्हणाल्या. आवाज तेवढा कोरडा राहिला नव्हता. ‘‘पण त्याआधी दावा काय आहे, तो तुमच्या तोंडून नोंदवावा लागेल. कलम मी वाचलंय. एकदा नोंद झाली की मागे घेता येणार नाही. वर्ष जाईल. तुम्हाला वेळ हवा असेल तर घ्या.’’

‘‘वेळ नको.’’

‘‘मग सांगा. हे रस्ते कोणी केले?’’

एसटीच्या खिडकीशी बसून कितीदा तरी हा प्रश्न मी ऐकला होता. पडद्यावर सगळा जिल्हा हिरवा दिसत होता. मला आतून हसू यायला लागलं, आणि मी ते आवरलं नाही.

‘‘माझ्या आईने,’’ मी म्हटलं. आवाज सभागृहभर गेला, त्याची मला सवय नव्हती. ‘‘यल्लूबाई तिमण्णा विटकर. पेटीवर केले, आणि चांगले केले.’’